अंगारकी चतुर्थी आणि आपले मंगल
(नवदीक्षित कुटुंबांसाठी पाठ)



भोकरदनहून राजूरकडे जाणारा रस्ता आमच्या केदारखेड्यावरून जातो. एरवी या रस्त्याने एस. टी. धावते, कापसाच्या आणि मक्याच्या गाड्या जातात. अंगारकी चतुर्थी आली की आदल्या रात्रीपासून त्याचे रूप पालटते. लहान-मोठी माणसे राजूरच्या गणपतीला पायी निघतात. कुणाच्या कडेवर लेकरू असते, कुणाच्या पायात चप्पलही नसते. जालन्याकडूनही असाच लोंढा सुमारे २५ किलोमीटर चालत येतो. राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते. मोरगाव आणि पद्मालय ही दुसरी दोन पूर्ण पीठे, आणि चिंचवड हे अर्धे.

मागे अशाच एका अंगारकीच्या तोंडावर, विहारातील वंदना आटोपल्यावर एक भगिनी माझ्याजवळ थांबली. तिच्या घरी दीक्षा होऊन वर्षही झाले नव्हते. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, बारा वर्षं संकष्टी धरली. आता सोडली. पण मंगळवार जवळ आला की जीव धाकधूक करतो. काही वाईट तर होणार नाही ना?"

हा प्रश्न एकट्या तिचा नाही. पुष्कळ घरांत तो मनातल्या मनात विचारला जातो आणि लाजेने दाबून टाकला जातो. म्हणून या पाठात आपण अंगारकीचाच विचार करू. जे सोडायचे ते समजून सोडावे. न समजता सोडलेली गोष्ट भीतीच्या रूपाने पुन्हा घरात शिरते.

हिंदू धर्मात अंगारकीचे महत्त्व

चांद्रमासाचे दोन पक्ष असतात, शुद्ध आणि वद्य. दोन्ही पक्षांतील चतुर्थी ही गणपतीची तिथी मानतात. शुद्ध पक्षातील ती विनायकी आणि वद्य पक्षातील ती संकष्टी. संकष्ट म्हणजे संकट. गणपती हा विघ्नहर्ता, तेव्हा या दिवशी त्याचे व्रत केल्यास संकट टळते, अशी हिंदूंची श्रद्धा आहे. व्रत करणारा दिवसभर उपास करतो. सायंकाळी पूजा होते. एकवीस दुर्वा, तांबडे फूल आणि मोदकांचा नैवेद्य दाखवितात, व्रताची कथा वाचतात, आरती करतात. चंद्र उगवला की त्याचे दर्शन घेऊन उपास सोडतात.

ही संकष्टी मंगळवारी आली म्हणजे ती अंगारकी. अंगारक हे मंगळ ग्रहाचे नाव. गणेशपुराणात याची कथा आहे. पृथ्वीचा पुत्र भौम याने गणपतीची तपश्चर्या केली. गणपती प्रसन्न झाला, त्याला ग्रहांमध्ये स्थान दिले आणि त्याच्या नावाने ही चतुर्थी पुण्यकारक ठरविली. एक अंगारकी केली की एकवीस संकष्टींचे पुण्य मिळते, असे भाविक मानतात. रस्त्यावरची गर्दी या समजुतीमुळे होते.

ही श्रद्धा ज्यांची आहे त्यांची ती आहे. तिची टिंगल करणे आपले काम नाही. पण आपण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. गौरी-गणपती आणि अन्य देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. तेव्हा आपण हा दिवस डोळे उघडे ठेवून तपासला पाहिजे.

तिथी म्हणजे काय?

शाळेतल्या मुलांना मी जसे सांगते तसेच सांगते. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतर रोज वाढत जाते. अमावास्येला दोघे एका दिशेला असतात. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी संपते. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणून महिन्याच्या तिथी ३०. हा महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. चंद्राची गती सारखी नसते. त्यामुळे एखादी तिथी सुमारे २० तासांत संपते, तर एखादी जवळजवळ २७ तास चालते. पंचांगात तिथीचा क्षय किंवा वृद्धी दिसते ती यामुळे. त्यात दैवी कोप नाही, साधे गणित आहे.

संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या सुमारास का उगवतो? पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र उगवतो. पुढे तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. तीन-चार दिवसांचे ५०-५० मिनिटे मिळवा, म्हणजे उत्तर मिळेल. नागपूरला चंद्र मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी दिसतो, कारण नागपूर पूर्वेला आहे. उपाशी बाई मुंबईत असो की नागपुरात, चंद्र कोणाच्याही भुकेसाठी लवकर येत नाही आणि कोणाच्याही पापासाठी उशीर करीत नाही.

आता मंगळवारचे पाहू. वर्षात संकष्टी १२ येतात, अधिक महिना असेल तर १३. वार सात. म्हणजे सरासरीने सात संकष्टींतील एक मंगळवारी पडणार. वर्षाकाठी अंगारकीची सरासरी दोनाहून थोडी कमी, एवढाच तिच्या दुर्मिळपणाचा अर्थ. आणखी एक गंमत पाहा. संकष्टीसाठी चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. आपल्याकडे मंगळवारी रात्री चंद्र उगवतो तेव्हा अमेरिकेत दिवस उजाडलेला असतो. त्यामुळे आपल्याकडे मंगळवारी येणारी संकष्टी तिकडे कधी कधी सोमवारी येते. मग त्या दिवशी अंगारकीचे पुण्य कोठे गेले?

वारांचाही इतिहास आहे. ग्रहांच्या नावाचे सात वार भारतात फार प्राचीन नाहीत. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळातील शिलालेख आहे, इ. स. ४८४ चा. तिथीबरोबर वार लिहिल्याचा आपल्याकडील तो अगदी जुना दाखला मानला जातो. तथागतांनंतर सुमारे नऊशे वर्षांचा तो लेख. सम्राट अशोकाच्या लेखांत तिथी आहेत, नक्षत्रे आहेत, वार मात्र नाहीत. ज्या काळात मंगळवारच नव्हता, त्या काळात अंगारकी कोठून येणार?

राहिला मंगळ. तो तांबडा दिसतो, म्हणून त्याला अंगारक म्हटले. तो तांबडा आहे त्याच्या मातीतील लोखंडाच्या गंजामुळे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान त्याच्या कक्षेत पोहोचले आणि त्याने छायाचित्रे पाठविली. तरीही 'मुलीला मंगळ आहे' म्हणून सोयरिकी मोडतात. बौद्ध म्हणविणाऱ्या घरांतूनही ही चौकशी होते, हे लिहिताना मला लाज वाटते.

मायचा प्रश्न

हे सारे गणित मी कॉलेजात शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बी. ए. च्या पहिल्या वर्षाला असताना सुटीत घरी आले आणि मायला तिच्या जुन्या उपासांवरून हसले. माय भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "काहून हासतीस ग? लेकरू तापानं फणफणत असलं तं मायनं कुठं जावं? तुझ्या पुस्तकात लिव्हलं असंल तं सांग."

मी गप्प झाले. कारण ती कशाबद्दल बोलत होती ते मला ठाऊक होते.

आमच्या घरी दीक्षा झाली त्याच वर्षीची गोष्ट. माझी धाकटी बहीण तेव्हा चार वर्षांची होती. तिला ताप भरला, कान ठणकू लागला. दवाखान्याला पैसे लागतात, आणि अंगारकी तीन दिवसांवर होती. शेजारच्या बायांनी सांगितले, व्रत मोडल्याचा कोप आहे, राजूरला जाऊन ये. माय घाबरली. तिने मंगळवारपर्यंत वाट पाहिली, निरंकार उपास धरला, पायी राजूरला गेली, रात्री परत आली. बुधवारी बहिणीला घेऊन दवाखाना गाठला तेव्हा कान फुटून वाहत होता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवी होती. बहीण वाचली. आजही तिला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही.

यात मायचा दोष किती? ती अडाणी होती, गरीब होती आणि लेकीसाठी जीव टाकणारी होती. आम्ही घरातल्या तसबिरी काढल्या होत्या, पण तसबिरीमागची भीती भिंतीवर तशीच राहिली होती. तिच्या जागी काय ठेवायचे ते मायला कोणी सांगितले नव्हते. वाचकहो, आपल्या धर्मांतराचे अर्धे काम येथेच अडून बसते. तिच्या प्रश्नाचे उत्तर धम्मात आहे का, ते मी त्या दिवसापासून शोधू लागले.

तथागतांनी तिथी घेतल्या, अर्थ बदलला

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. तथागत राजगृहात होते. मगधाचा राजा बिंबिसार याने पाहिले की इतर पंथांचे परिव्राजक पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंचदशीला एकत्र जमतात, उपदेश करतात आणि लोक तो ऐकायला जातात. त्याने तथागतांना सुचविले, आपल्या भिक्खूंनीही या दिवशी जमावे. तथागतांनी मान्य केले. भिक्खू जमले, पण नुसते मुकाट बसून राहिले. लोक नाराज झाले, बसायचेच तर जमता कशाला, असे म्हणू लागले. तेव्हा तथागतांनी या दिवशी धम्म सांगण्याची अनुज्ञा दिली. आपला उपोसथ तो हाच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथी त्याच होत्या. तिथीत काही शक्ती आहे म्हणून त्या घेतल्या नाहीत. लोकांना एकत्र येण्यासाठी ठरलेला दिवस लागतो, आणि घड्याळ व कॅलेंडर नसलेल्या काळी चंद्र सर्वांना दिसत होता. दिवस हे भांडे. त्यात काय भरायचे हे माणसाने ठरवायचे.

उपासाबद्दल तथागतांनी श्रावस्तीत विशाखा उपासिकेला जे सांगितले ते तर प्रत्येक घरात सांगितले पाहिजे. उपोसथाचा एक प्रकार त्यांनी गुराख्यासारखा म्हटला. गुराखी संध्याकाळी गुरे मालकाच्या दारी लावतो आणि मनात हिशेब करतो, आज गुरे इथे चरली, उद्या तिथे चारू. तसा एखादा उपास करणारा दिवसभर हाच विचार करतो की आज हे खाल्ले, उद्या ते खाऊ. त्याचा दिवस लोभात जातो. आपल्याकडचा उपास आठवा. साबुदाणा किती भिजवला, भगर आहे का, शेंगदाणे संपले का, यातच घरच्या बाईचा दिवस जातो. खरा उपोसथ म्हणजे मनाचा मळ धुण्याचा दिवस. त्या दिवशी उपासक-उपासिका अष्टशील पाळतात. दुपारनंतर जेवत नाहीत, आणि हिंसा, चोरी, खोटे, नशा यांपासून दूर राहतात. त्यात देवाशी सौदा नाही. मी उपाशी राहते, तू माझे संकट टाळ, असे कोणाला म्हणायचे नाही.

मंगळ आणि मंगल

सम्राट अशोकाचा नववा शिलालेख याच विषयावर आहे. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याजवळ त्याचा तुकडा १९५६ मध्ये सापडला. धर्मांतराचेच ते वर्ष! त्यात अशोक सांगतो की आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, आणि विशेषतः बाया पुष्कळ क्षुल्लक व निरर्थक विधी करतात. त्यांचे फळ थोडे. धम्ममंगलाचे फळ मोठे. ते कोणते? दास आणि चाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या बाया नेमक्या त्याच प्रसंगी घाबरत होत्या, ज्या प्रसंगी माझी माय घाबरली. राजाने त्यांची भीती ओळखली आणि तिला दुसरी वाट दाखविली.

आपण विहारात महामंगलसुत्त म्हणतो ते हेच सांगते. आईवडिलांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, विद्या आणि हस्तकला, सज्जनांची संगत, संकटात न डळमळणारे चित्त, ही मंगले. त्यांत एकही तिथी नाही, एकही वार नाही.

लग्नाच्या मुहूर्तावर जातकात एक कथा आहे. शहरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलगी ठरविली, दिवस ठरविला आणि मग एका आजीवकाला नक्षत्र विचारले. आधी आपल्याला विचारले नाही याचा त्याला राग आला. त्याने 'आज दिवस वाईट' म्हणून ठोकून दिले. वऱ्हाड गेले नाही. मुलीकडच्यांनी ताटकळून मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आले ते भांडायला. तेव्हा एका शहाण्याने विचारले, मुलगी मिळणे हेच शुभ नक्षत्र नव्हते काय? आकाशातले तारे तुमचे काय करणार होते?

मग दसरा का निवडला?

काही जण विचारतील, बाबासाहेबांनी दीक्षेसाठी दसराच निवडला, तोही साडेतीन मुहूर्तांपैकी एक, हे कसे? प्रश्न रास्त आहे. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस विजयादशमीचा होता. पण तो अशोक विजयादशमी म्हणून निवडला, अशोकाने धम्म स्वीकारल्याची आठवण म्हणून. दिवस शुभ आहे म्हणून नागपूरला लाखो लोक जमले नाहीत. लाखो लोकांनी त्या दिवशी गुलामी टाकली म्हणून तो दिवस शुभ झाला. वैशाख पौर्णिमेचेही असेच आहे. ती स्मरणाची पौर्णिमा आहे, फळ देणारी नव्हे.

आणि हा वारसा आपल्याला परका नाही. आपल्या तालुक्याचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचे दानलेख कोरलेले आहेत. या मातीतल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी एवढ्या दूर दान पाठविले. आपण नव्या घरात शिरलो नाही, आपल्याच जुन्या घरी परतलो.

तर आपण काय करावे?

पहिले, अंगारकीला घरात कोणी आजारी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोणत्याही तिथीची वाट पाहू नये.

दुसरे, लग्नाची तारीख ठरविताना पाहुण्यांची सोय, शेतीची कामे, मुलांच्या परीक्षा पाहाव्यात. पत्रिका आणि मंगळ पाहू नये.

तिसरे, शेजारची भगिनी राजूरला पायी जात असेल तर तिला पाणी द्यावे, बसायला जागा द्यावी. तिने प्रेमाने मोदक आणून दिला तर अन्न म्हणून घ्यावा. मोदक खाल्ल्याने धम्म बुडत नाही, तोंड वेंगाडल्याने मात्र मैत्री बुडते. दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असे अशोकाने बाराव्या शिलालेखात बजावले आहे.

चौथे, घरातील म्हातारीने उपास सोडला नाही तर तिला हसू नये. तिला पौर्णिमेला विहारात घेऊन यावे, शेजारी बसवून सुत्ताचा अर्थ सांगावा. हसणे सोपे आहे, मी ते करून पाहिले आहे. त्याने भीती जात नाही, ती लपून बसते.

त्या भगिनीला मी हेच सांगितले. धाकधूक होते म्हणून लाजू नकोस. बारा वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. त्या मंगळवारी दोनच गोष्टी कर. सकाळी कुटुंबासह त्रिसरण-पंचशील घे आणि रात्री चंद्र उगवताना मुलांना अंगणात घेऊन बस. चंद्र उशिरा का उगवला ते त्यांना समजावून सांग. तिने तसे केले. दुसऱ्या दिवशी शाळेत तिचा मुलगा मला बारा अंशांचा हिशेब सांगत होता.

आणि माझी माय? ती आता दर पौर्णिमेला अष्टशील घेते. वस्तीत कोणाचे लेकरू तापले की पहिली हाक तिला येते. माय चपला घालता घालता एकच प्रश्न विचारते, "दवाखान्यात नेलं का?"

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. तिथी लहान-मोठी का होते? मुलांना आकृती काढून समजवा.

२. गुराख्याचा उपास आणि खरा उपोसथ यांत फरक कोणता?

३. आपल्या घरात अजून कोणत्या दिवसाची भीती वाटते? ती कशी आली आणि तिच्या जागी आपण काय ठेवणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नका. सर्वांना बोलू द्या, म्हाताऱ्या माणसांना आधी.

जयभीम! नमो बुद्धाय!